आठ नंबरच्या सीटवरून कुडपणला

प्रयागबाईंनी मला नकार दिला तो इतक्या गोड आवाजात, की घरी पोचेपर्यंत मला तो होकारच वाटत होता.

"शरदराव, कुडपणचा रामजन्म मला चुकवायचा नाही," त्या म्हणाल्या होत्या. "पण तुमच्या गाडीत मी आता बसणार नाही. रामावर माझा राग नाही. तुमच्यावरही नाही. त्या सीटवर आहे."

प्रयागबाई म्हणजे आमच्या महाडच्या कीर्तनकार. वय बहात्तर, आवाज बावीस वर्षांचा, आणि कंबर, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे, शंभराच्या पुढची. कुडपणला रामनवमीचं कीर्तन गेली अकरा वर्षं त्या करतात आणि त्यांना महाडहून वर नेण्याचा मान अकरा वर्षं माझ्याकडे आहे. मान म्हणजे काय, तर माझ्या खत-बियाण्यांच्या दुकानाची पिकअप. कुडपणच्या शेवटच्या चढाला साध्या मोटारीचं पोट घासतं, पिकअपचं घासत नाही. पण मान तो मान. रामनवमीच्या आदल्या दिवशी मी गाडी स्वतः धुतो, युरियाचा वास जावा म्हणून आत उदबत्ती लावतो, आणि सकाळी धुवट धोतर नेसून स्टिअरिंगला नमस्कार करतो.

सीट मात्र मी कधी पाहिलीच नव्हती. म्हणजे तिच्यावर चौदा वर्षं बसलो होतो, पाहिली नव्हती. तीन माणसांचं एक सलग बाकडं, त्यातला फोम कधीच पीठ होऊन गेलेला, आणि डाव्या बाजूला एक स्प्रिंग, जी सपाट रस्त्यावर गुमान असायची आणि खड्डा आला की डोकं वर काढायची.

गेल्या वर्षीचं कीर्तन मला अजून आठवतं. बाई गाडीतून उतरल्या त्याच वाकून. पूर्वरंगाला एक हात खांबाला लावून उभ्या. मधेच डोळे मिटायच्या, ओठ घट्ट दाबायच्या, गालांवरून पाणी. भगवंतासाठी जीव कसा तळमळतो हा विषय होता. सगळं कुडपण रडलं. मी तर असा हुंदका दिला की पेटीवाल्याची पट्टी चुकली. आम्हाला वाटलं, बाईंना भाव दाटून आला. ती माझी स्प्रिंग होती, हे मला या वर्षी कळलं.

"डॉक्टर म्हणाले, असा आणखी एक प्रवास झाला तर पुन्हा उभं राहून कीर्तन विसरा," बाई शांतपणे म्हणाल्या. "बसून मी करणार नाही. देवापुढे उभं राहायची सवय आहे."

त्याच संध्याकाळी मालोजींचा फोन. मालोजी हे कुडपणच्या देवळाचे कारभारी आणि माझे बियाण्याचे जुने गिऱ्हाईक. त्यांना ही बातमी माझ्याआधी कशी कळली, हे विचारण्यात अर्थ नाही.

"शेट, बाई नाय येत म्हणतात ते खरं काय?"

"बघतो आहे काहीतरी."

"बघा बाबा. पोरं बोलतात मोबाईलवर कीर्तन लावू. रामाचा जल्म आन् मोबाईलवर? आमच्याकडं रेंज हाय अशी. अर्धा जल्म व्हायचा नि गोल गोल फिरत बसायचं."

हे चित्र मला सहन झालं नाही. मी सीट बदलायची ठरवली.

*

आता सीट बदलणं हे शहाण्या माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, असं माझी पत्नी अनुपमा पहिल्यापासून म्हणत होती. तिचं म्हणणं, नवीन सीट आणावी आणि बसवावी. पण नवीन सीट म्हणजे तेच बाकडं, वर प्लास्टिक. मला बाईंसाठी काहीतरी आसनासारखं आसन हवं होतं.

ते मला हायवेच्या कडेला भंगारात दिसलं. एक आरामबस खोलून ठेवली होती आणि तिच्या सीटा उन्हात ओळीनं मांडलेल्या, जणू कीर्तन सुरू व्हायची वाट बघत. मखमली, गर्द लाल, मानेला उशी, हाताला हात. त्यांतल्या दोन अगदी धडधाकट होत्या. पाठीवर आकडे होते, सात आणि आठ. मी आठ नंबरवर टेकलो आणि मला शप्पथ उठावंसं वाटेना. भंगारवाला म्हणाला, "काका, दुसरं गिऱ्हाईक आलंय." तेव्हा उठलो.

सीटा अंगणात आल्या आणि पाठोपाठ शेजारचे राजेश आले. राजेशनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून त्यांची सगळी इच्छा आमच्या अंगणात येऊन बसते.

"बसच्या सीटला खाली पाय नसतात," त्यांनी पाहणी करून सांगितलं. "ती बसच्या लोखंडावर बसते. तुम्हाला ब्रॅकेट करावे लागणार. किती उंचीचे, हा मूळ प्रश्न आहे."

मूळ प्रश्न आला की मी गंभीर होतो. आम्ही आठ नंबरच्या खाली विटा रचल्या आणि उंची ठरवायला घेतली. आधी मी बसलो. मग राजेश. मग दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं. मग अनुपमा, जरा आढेवेढे घेऊन. चार दिवस आमच्या अंगणात हे चाललं. एक वीट काढ, एक वीट घाल. संध्याकाळी मी मोबाईलवर जुनं कीर्तन लावून सबंध आख्यानभर बसून पाहिलं. पाठीला त्रास नाही, उठताना गुडघा कुरकुरत नाही. चौदा इंच. एकमतानं ठरलं. राजेशनी मोबाईलमधल्या पाणसळीनं सीट सपाट असल्याचंही प्रमाणित केलं.

वेल्डिंगचं काम सयाजीकडे दिलं. सयाजीचं दुकान पोलादपूरच्या रस्त्याला आहे. तो बोलतो कमी आणि ठिणग्या पाडतो जास्त. त्यानं आकडा ऐकून वर पाहिलं.

"चौदा? काका, जास्त नाय होत?"

"बसून बघितलंय. चार दिवस."

"मग ऱ्हायलं," तो म्हणाला आणि काच डोळ्यांवर ओढली.

शनिवारी ब्रॅकेट बसले, सीटा बसल्या, आणि मी दार उघडून आत चढलो. डोकं टपाला लागलं. मान वाकवली तर हनुवटी छातीला. पाय खाली सोडले तर ते क्लचच्या वर अधांतरी लोंबायला लागले, शाळेतल्या मोठ्या बाकावर पहिलीतल्या मुलाचे लोंबतात तसे.

सयाजी बाहेरून बघत होता. बराच वेळ बघून म्हणाला, "काका, अंगणात बसून बघितलंत तेव्हा पाय कुठं होते?"

मी आठवू लागलो. पाय कुठे असणार? मांडीखाली. मी मांडी घालून बसलो होतो. राजेश मांडी घालून बसले होते. गिऱ्हाइकं, अनुपमा, सगळे. आमचा सगळ्यांचा जन्म कीर्तनाच्या सतरंजीवर गेलेला. जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवरसुद्धा आम्ही पाय वर घेतो. चार दिवसांत पाच माणसांनी त्या सीटवर बसून मत दिलं आणि एकाचाही पाय जमिनीला लागला नव्हता. माणूस गाडी मांडी घालून चालवत नाही, ही गोष्ट आमच्यापैकी एकालाही सुचली नव्हती.

तरी माझा स्वाभिमान असा, की मी गाडी नाते गावापर्यंत नेली. दोन पोती पोचवायची होती. सीटच्या कडेवर येऊन, पुढे झुकून, मान खाली घालून. तिथे एक ओळखीचे गृहस्थ रस्त्याला उभे होते. त्यांनी मला तसं येताना पाहिलं आणि टोपी काढली.

"कोण गेलं हो, शरदशेट?"

*

सयाजी म्हणाला, कापून देतो. पण कापायचं किती? राजेश म्हणाले सहा इंच, सयाजी म्हणाला सात, आणि मी आता कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. तेव्हा मला युक्ती सुचली. दुकानातल्या रॅकचे जे उभे लोखंडी अँगल असतात, त्यांना वरपासून खालपर्यंत भोकं असतात. फळी हवी तितकी वर, हवी तितकी खाली. त्याचेच ब्रॅकेट केले तर सीट नटबोल्टनं हव्या त्या उंचीला बसवता येईल. मला माझंच कौतुक वाटलं. ते वाटणं सुमारे वीस मिनिटं टिकलं.

मी मागच्या रॅकचा एक अँगल काढला. एकच. रॅक पाच वर्षं तसा वाकडाच होता, त्यामुळे त्याला फारसं कळणार नाही अशी माझी समजूत. त्याला लगेच कळलं. आधी वरची फळी माझ्याकडे कलली, जशी एखादी म्हातारी गुपित सांगायला कलते, आणि मग आंब्याच्या मोहोरावर फवारायच्या औषधाच्या एकवीस बाटल्या, माशांच्या अर्काचे सहा कॅन आणि भाजीच्या बियांची पाकिटं असा सगळा संसार माझ्या अंगावर आला.

माशांच्या अर्काचा वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. आमच्या गल्लीतली मांजरं मात्र एकूणएक समजली.

अनुपमा दारात उभी राहिली. नाकाला पदर. मी जमिनीवर, डोक्यात भोपळ्याचं बी.

"लागलं का कुठे?"

"नाही."

"मग एक विचारू? रागावणार नसलात तर."

"विचार."

"ही सीट तुम्ही प्रयागबाईंसाठी करताय ना?"

"हो."

"त्यांची उंची किती?"

पंधरा दिवस मी, राजेश, सयाजी आणि अख्खी गल्ली त्या सीटवर बसलो होतो. जिच्यासाठी हे चाललं होतं ती बाई तिच्यावर बसली नव्हती, की तिला कोणी काही विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून (तीनदा, वास पुरता गेला नव्हता) अनुपमाबरोबर बाईंकडे गेलो. एका कीर्तनकाराच्या पायाचं माप घ्यायचं म्हणजे मला पाप वाटत होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. अनुपमानं पिशवीतून सुतळी काढली, टाचेपासून गुडघ्यापर्यंत ताणली, गाठ मारली. मग पाठीला उशी कुठे हवी, तिथे दुसरी गाठ. दोन मिनिटांत काम झालं.

"शरदराव, भिंतीत काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. आपलं सहज."

"माशांचा वास कुठून येतोय हो?"

"बाहेरून असेल," मी भिंतीला सांगितलं.

सुतळी सयाजीकडे गेली. त्यानं रॅकचे अँगल कापले, आडव्या पट्ट्या टाकल्या, बोल्ट आवळले. आठ नंबर सुतळीच्या मापानं आणि सात नंबर माझ्या मापानं. दोन्ही सीटा एका उंचीच्या नव्हत्या, हे राजेशना खटकलं. पाणसळ दाखवून म्हणाले, "दिसायला बरं नाही." सयाजी म्हणाला, "माणसं तरी कुठं सारख्या उंचीची हायत?" आयुष्यात एवढं लांब वाक्य तो दुसऱ्यांदा बोलला असेल.

*

एवढं झाल्यावर रामनवमीला सहा दिवस उरले होते आणि गाडीचं पासिंग मध्येच आलं. मुदत संपत होती. पासिंगशिवाय घाट चढायचा नाही, हा माझा नियम. देवाच्या कामाला तर नाहीच. महाडला कॅम्प लागला होता, तिथे रांगेत उभा राहिलो.

तपासणीला एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी दार उघडलं, मखमल पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, हे काय?"

मी सगळं सांगितलं. रामजन्म, प्रयागबाई, कंबर, सुतळी. माशांचं वगळलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग खाली वाकल्या, हातानं सीटा गदागदा हलवल्या, बॅटरी लावून तळ पाहिला.

"बोल्ट नुसते पत्र्यात आहेत. ब्रेक दाबला की पत्रा फाटेल. खालून जाड पट्टी टाकून घ्या, आणि सीटचा पट्टा चॅसिसला बांधा. तुम्ही ज्यांना घेऊन जाणार त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

हे बरोबर होतं आणि मला लाज वाटली. मान डोलावली.

"आणि दुसरं. कागदावर गाडीत तीन माणसं आहेत. इथे दोन सीटा. तिसरा माणूस कुठे आहे?"

"तिसरा कोणी नव्हताच, मॅडम. त्या जागी आम्ही वह्या ठेवायचो."

"असेल. पण कागदावर आहे ना? तो कमी करायचा तर अर्ज करा. तीन प्रती."

जो माणूस कधी बसलाच नाही त्याला उठवायला तीन प्रती. राजेशनी तर सुचवलं, त्या तिसऱ्या माणसाचं ना हरकत पत्रही जोडून टाका. मी जोडलं नाही, पण विचार केला, हे कबूल करतो. दोन दिवस मी खिडक्या बदलत हिंडलो. एका खिडकीनं सांगितलं, माणूस वाढवायचा अर्ज असतो, कमी करायचा नमुना नाही. दुसरीनं वाढवायच्या नमुन्यावरच "वाढवणे" खोडून "कमी करणे" लिहायला सांगितलं. तिसरीनं खाडाखोड चालत नाही म्हणून परत दिलं. मी प्रत्येक खिडकीशी हात जोडले, कारण हात जोडायची मला सवय आहे, आणि कधी कधी तेवढ्यावरही काम होतं. शेवटी त्या मॅडमनीच स्वच्छ कागदावर अर्ज लिहून घेतला. सयाजीनं घातलेल्या पट्ट्या खाली वाकून पुन्हा पाहिल्या, पट्टा ओढून पाहिला, आणि शिक्का मारला.

"नीट न्या त्यांना," म्हणाल्या. "माझी आजी पण जायची कीर्तनाला."

*

रामनवमीला सकाळी सातला बाईंच्या दारात गाडी लावली. बाई आल्या. आठ नंबरकडे बघितलं. एक हात दाराला, पाय आत, आणि बसल्या. मी पट्टा लावला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होईना. पोलादपूर येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी दर खड्ड्याला रामाचं नाव पुटपुटत होतो आणि गाडी अशी चालवत होतो की मागून सायकलवाला पुढे गेला.

घाट लागला. दोन वळणं झाली. मी विचारलं, "बाई, बरं आहे ना?"

उत्तर नाही.

पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मान एका बाजूला.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि कान देऊन ऐकलं. बाई घोरत होत्या. बारीक, संथ, अगदी षड्जात. मी तिथेच स्टिअरिंगला हात जोडले आणि पुढे निघालो.

साडेनऊला कुडपण. देवळापुढे लेझीम घेऊन पोरं-पोरी उभी. गाडी दिसताच ढोल वाजायला सुरुवात झाली. मी गाडी थांबवून खिडकीतून अर्धा बाहेर येऊन दोन्ही हात हलवले. ढोल थांबला. लेझीम एक पाय वर असतानाच थांबली.

मालोजी चवड्यांवर चालत आले. "काय झालं?"

"झोपल्यात."

"झोपल्या? अवो, धाला कीर्तन हाय."

"किती महिने झोप नाही त्यांना. कंबरेपायी."

मालोजींनी काचेतून पाहिलं. मागून त्यांच्या घरच्या गीताबाई आल्या, त्यांनीही पाहिलं.

"उठवायचं नाय," गीताबाई म्हणाल्या.

"अगो, जल्म बाराला हाय. देव थांबेल काय?"

"देव बी लेकरूच हाय आज. झोपल्या माणसाला उठवून जल्म घेणार नाय तो."

दहा वाजले. साडेदहा झाले. मंडपातली माणसं एक एक करून उठून गाडीपाशी येऊ लागली. कोणीतरी सतरंजीच उचलून आणली आणि फणसाच्या सावलीत, पिकअपच्या समोर अंथरली. सगळा गाव गाडीकडे तोंड करून बसला. पोरांना नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं जात होतं. मी सात नंबरवर, हात मांडीवर, हलायची सोय नाही. अकरा वाजले. एवढी भोकं, एवढे बोल्ट, एवढे अर्ज केले ते बाईंनी इथवर पोचावं म्हणून. आता त्या पोचल्या होत्या, आणि माझ्या सीटच्या पायी कुडपणचा रामजन्म कीर्तनावाचून जाणार होता. वाईट सीटनं तरी त्यांना वेळेवर उभं केलं होतं.

सव्वाअकराला गीताबाईंनी शेजारच्या बाईला काहीतरी विचारलं. पाळण्याच्या चालीबद्दल असावं. तिनं हळूच गुणगुणून दाखवलं. हिनं दुरुस्त केलं. तिसरी मिळाली. आणि बघता बघता पन्नास बायका ओठातल्या ओठात, वारा पानांतून जावा एवढ्याच आवाजात, पाळणा म्हणू लागल्या.

प्रयागबाईंनी डोळे उघडले. समोर सगळा गाव, मधे पाळण्याचा सूर.

"झाला का जन्म?" त्यांनी घाबरून मला विचारलं.

खिडकीतून मालोजीच बोलले. "नाय बाई. तुमच्यासाठी थांबलाय."

बाईंनी पट्टा काढला, दार उघडलं आणि उतरल्या. मी धावत पलीकडे गेलो, हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ताठ उभ्या राहिल्या, पदर खोचला, चिपळ्या मागितल्या आणि मंडपाकडे चालू लागल्या, आणि गाव सतरंजी गोळा करत मागून धावला.

ते कीर्तन पस्तीस मिनिटांचं झालं. अकरा वर्षांतलं सगळ्यात लहान. पूर्वरंग असा, की जणू एका श्वासात. खांब चार हात लांब होता आणि त्या एकदाही त्याच्या बाजूला गेल्या नाहीत. आख्यानात त्या कौसल्या झाल्या, दशरथ झाल्या, वाड्यातली दासी होऊन मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाल्या. बाराच्या ठोक्याला गुलाल उडाला आणि पाळण्याच्या दोरीला त्यांनी स्वतः हात घातला. मी खूप रडलो. पेटीवाला पट्टी सांभाळून होता.

सुंठवडा झाला, जेवणं झाली. दोनच्या सुमारास मी गाडी देवळापाशी आणली. मालोजी नारळ घेऊन आले, गीताबाई फणस घेऊन आल्या. दोन्ही मागे हौद्यात गेले. बाई आठ नंबरवर बसल्या, पट्टा लावून घेतला, मानेला उशी नीट केली.

"शरदराव."

"काय, बाई?"

"महाडला जायला याहून लांबचा रस्ता नाही का हो?"

नव्हता. मी सबंध घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो.